एक्केचाळीस नंबरचा स्फटिक

पिआचेन्झा, १९ जानेवारी २००९

प्रिय तुल्लिओ,

डबी उघडायच्या आधी हे पत्र वाच. तुझा स्वभाव मला माहीत आहे. लहानपणी नाताळची भेट तू कागद टराटरा फाडून आधी बघायचास आणि कोणी दिली ते नंतर विचारायचास.

डबीत तीन स्फटिक आहेत, चाळीस, एक्केचाळीस आणि बेचाळीस. तिघेही आपापल्या काचपट्टीवर चिकटवलेले आहेत, उगाच खरवडून काढू नकोस. माल तिघांत एकच, लँथॅनम, तांबं आणि वरून कोंबलेला जादा ऑक्सिजन. फरक आहे तो थंड करण्यात. चाळीस भट्टीतून काढला तो थेट गार केला. बेचाळीसला पाच दिवस दिले. एक्केचाळीसला अकरा दिवस, तासाला एक अंश. अकरा दिवस मी घरी फक्त जेवायला आणि झोपायला गेले.

माझं म्हणणं तुला तोंडपाठ असेल, तरी पुन्हा ऐक. जादा ऑक्सिजन थरांच्या मधल्या जागेत मोकाट फिरत असतो. घाईने गार केलं की जिथे असेल तिथे अडकतो. सावकाश गार केलं की रांगेत बसतो. आणि रांगा जितक्या लांब, तितकी वीज त्या स्फटिकातून कमी थंडीतही बिनअडथळ्याची धावते. एकोणीस वर्षं मी हे सांगते आहे आणि लोक मान डोलावून विषय बदलतात, कारण या रांगांचे पुंजके कुठे आणि केवढे आहेत त्याचं चित्र कोणी काढलेलं नाही. त्याला केसाहून बारीक क्ष-किरण लागतो. तो तुझ्या ग्रेनोब्लच्या यंत्रात आहे.

आता खरी गोष्ट. मी पुढच्या वर्षी निवृत्त होते. आमच्या विभागप्रमुखाला, झाम्बेल्लीला, भट्टीची खोली संगणकांसाठी हवी आहे. जूनमध्ये निर्णय आहे. तोवर एक चित्र आलं तर माझ्यामागे भट्टी राहील आणि तिच्यापाशी कोणीतरी बसेल. नाही आलं तर भंगार. म्हणून एवढी घाई.

प्रत्येक स्फटिकाबरोबर त्याचं कार्ड आहे. पुढच्या बाजूला त्याला मी काय काय सोसायला लावलं ते आहे. मागची बाजू तुझी. तापवलास, गारठवलास, हातातून पडला, उन्हात राहिला, जे होईल ते तारखेसह लिहायचं. माझ्या गुरूंनी मला ही सवय लावली आणि आजवर माझ्या एकाही कार्डात खोट निघालेली नाही.

तुझी,
एर्सिलिया आत्या


ग्रेनोब्ल, २४ फेब्रुवारी २००९

प्रिय आत्या,

बस खाली. बसलीस? सोबतचं चित्र बघ.

निळं म्हणजे विस्कटलेलं, लाल म्हणजे रांगेत. चाळीस जवळजवळ सगळा निळा, तो पाठवतसुद्धा नाही. बेचाळीसमध्ये लाल ठिपके, गोवर आल्यासारखे. आणि हा एक्केचाळीस! लाल बेटंच्या बेटं, एकमेकांना चिकटलेली. मी आधी समजलो यंत्र बिघडलं. दोनदा पुन्हा चित्र काढलं. तेच. नंतर वीज सोडून पाहिली, तिथेही तू म्हणतेस तसंच.

आम्हाला यंत्रावर शुक्रवार ते सोमवार पाळी मिळाली होती, माझा जोडीदार आजारी, म्हणून सगळं एकट्याने. रविवारी इतकं लख्ख ऊन होतं की सगळं गाव डोंगरावर. आमचे शवानसाहेबही स्कीइंगला चला म्हणून मागे लागले होते. मे महिन्यात माझ्या नोकरीच्या कायम जागेचा निर्णय त्यांच्याच हातात आहे, तेव्हा नाही म्हणणं सोपं नव्हतं. पण तुझा स्फटिक.

शवानसाहेबांना चित्र दाखवलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि एकेक बेट बोटाने मोजलं. तो माणूस एरवी बसायलाही थांबत नाही.

आत्या, तू बरोबर होतीस.

तुझा,
तुल्लिओ


पिआचेन्झा, ३ मार्च २००९

प्रिय तुल्लिओ,

चित्र घेऊन मी भट्टीच्या खोलीत गेले, दार लावलं आणि रडले. चौसष्टाव्या वर्षी. सांगायला लाज वाटत नाही.

मग ते झाम्बेल्लीच्या टेबलावर ठेवलं. तो चष्मा वर करून म्हणाला, "एकच आहे?" त्याला म्हटलं, दुसराही होईल, तिसराही होईल, अकरा दिवस आणि तासाला एक अंश, यात जादू काही नाही. तो म्हणाला मग करून दाखवा, निर्णय तोवर थांबवतो. थांबवतो म्हणाला हेच खूप झालं.

तुझ्या बाबांनी चित्राची मोठी प्रत काढून दुकानात आरशाच्या वर लावली आहे. बॉब्बिओतली गिऱ्हाइकं दाढी करून घेताना विचारतात, जिनो, हा कुठला त्वचारोग? तो प्रत्येकाला सगळं समजावतो, अर्धं चुकीचं. पण साबण वाळेपर्यंत समजावतो.

स्कीइंग सोडून बसलास, शाब्बास. माझ्या हाताखाली चार महिने होतास ते वाया गेले नाहीत.

एक विचारायचं राहिलं. तू कार्डाच्या प्रती पाठवल्यास, एक्केचाळीसची मागची बाजू कोरी आहे. चाळीसवर आणि बेचाळीसवर तू किरण कधी सुरू, कधी बंद, सगळं लिहिलं आहेस. यावर काहीच नाही. विसरलास का? नवा स्फटिक करताना मला सगळं जसंच्या तसं लागेल.

आत्या


ग्रेनोब्ल, १५ मार्च २००९

प्रिय आत्या,

कार्डाचं विसरलो खरा, उत्साहाच्या भरात. लिहिण्यासारखं वेगळं काही घडलंच नाही. बाकीच्या दोघांसारखाच, आधी रुंद किरणाने पाच मिनिटं सरळ करून घेतला, मग बारीक किरणाने चित्र. मी पूर्ण वेळ तिथेच होतो, जागचा हललो नाही. जे आहे ते तुझ्या अकरा दिवसांचं आहे.

पुढचे लवकर पाठव. शवानसाहेब रोज विचारतात.

तुल्लिओ


पिआचेन्झा, ३० जून २००९

प्रिय तुल्लिओ,

त्रेचाळीस ते एकोणपन्नास, सातही स्फटिकांची तुझी चित्रं मिळाली. गोवर, गोवर, गोवर. चव्वेचाळीसमध्ये थोडी बरी बेटं आहेत, पण एक्केचाळीसच्या पासंगालाही पुरत नाहीत.

मला झोप लागत नाही. भट्टीचा तापमापक तीनदा तपासला. ऑक्सिजनचं सिलिंडर बदललं. जानेवारीत खोली गार होती म्हणून आता खोलीही गार ठेवते, जूनमध्ये लोकरीचा स्वेटर घालून बसते आणि बाहेरून जाणारे हसतात. एक्केचाळीसच्या वेळची वही इतकी वाचली की पानं सुटली. त्या अकरा दिवसांत माझ्या हातून नकळत काहीतरी झालं असणार, आणि मी ते लिहिलं नाही. माझ्याच कार्डात खोट. हे मला खातं.

सात स्फटिकांतून पुरेसं समजलं, असं झाम्बेल्ली म्हणतो. मी हातापाया पडून सप्टेंबरपर्यंत मुदत मागितली. हातापाया पडले, हो. तुझ्या बाबांना सांगू नकोस.

तुला काही आठवतं का? काहीही. स्फटिक कुठल्या खिडकीपाशी ठेवला होतास, खोलीत कोण आलं होतं. क्षुल्लक वाटलं तरी सांग.

आत्या


ग्रेनोब्ल, २० जुलै २००९

प्रिय आत्या,

आठवून आठवून थकलो, काही नाही. तू स्वतःला इतका त्रास करून घेऊ नकोस. स्फटिक वाढवणं हे काही घड्याळ जुळवणं नाही, त्यात थोडं नशीब असतंच. एकदा असं साधलं हेच मोठं.

इकडची बातमी बाबांनी सांगितली असेलच. जागा कायम झाली. मायेलने आणि मी दोघांना राहायला डोंगराच्या बाजूला घर बघितलंय. आपला लेख सप्टेंबरात छापून येतो, तुझं नाव तिसरं आहे. शवानसाहेब पहिले असावेत असा इथला रिवाज आहे.

पुढचे स्फटिक पाठवायची घाई नाही. ऑक्टोबरपर्यंत मला मोकळा वेळ नाही.

तुल्लिओ


पिआचेन्झा, ८ नोव्हेंबर २००९

तुल्लिओ,

लेख वाचला. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे. नंतरच्या स्फटिकांत हा परिणाम दिसला नाही, "याचं कारण स्फटिक वाढवण्यातली अनियमितता असावी." वाक्य तुझं आहे, शवानला माझ्या भट्टीतलं काही कळत नाही. छापायच्या आधी मला दाखवलं नाहीस.

एकोणीस वर्षांत मी अकरा प्रयोगशाळांना स्फटिक दिले. त्यातल्या चौघांनी लेख वाचून पत्रं पाठवली आहेत, सभ्य भाषेत, की आमच्याकडचे तुकडेही तपासून घ्यावेत काय. झाम्बेल्लीने तर ते वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाला, "हे तर तुमच्या घरचंच माणूस म्हणतंय."

ऑक्टोबरच्या बावीस तारखेला भट्टी सोडवली. दोन माणसं आणि एक ढकलगाडी. नळी प्लॅटिनमची होती म्हणून ती जपून नेली, बाकी सगळं अंगणात टाकलं. मी सोळा स्फटिक वाढवले तुल्लिओ, एक्केचाळीससारखा दुसरा व्हावा म्हणून.

आता ऐक. एक्केचाळीस मी परत मागवला होता, तुमच्या कचेरीतल्या बाईंनी तो व्यवस्थित गुंडाळून पाठवला. तुला विचारलं नसावं. मी स्फटिकाकडे नाही, काचेकडे बघितलं. क्ष-किरण लागले की काच तपकिरी पडते, हे तुलाही ठाऊक आहे, मीच शिकवलं. बाकी सगळ्यांच्या काचा मधासारख्या फिक्या आहेत, पाच मिनिटांच्या रुंद किरणाला साजेशा. एक्केचाळीसची काच स्फटिकाभोवती कडक कॉफीसारखी काळपट आहे. पाच मिनिटांत काच अशी होत नाही. सात तास, आठ तास, त्याहून कमी नाही.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. त्या रविवारी रुंद किरण त्या स्फटिकावर किती वेळ होता?

एर्सिलिया


ग्रेनोब्ल, २१ नोव्हेंबर २००९

प्रिय आत्या,

भट्टीचं ऐकून वाईट वाटलं. खरंच.

काचेबद्दल म्हणशील तर ती पट्टी आधी कुठेतरी वापरलेली असणार. तुझ्या खणात जुन्या काचा पडलेल्या असतात, मी स्वतः पाहिल्यात. चुकून जुनी हाताला लागली असेल. या वयात होतं असं, त्यात कमीपणा नाही.

किरण पाच मिनिटं होता. मागेच लिहिलं आहे.

आत्या, नाचता येईना अंगण वाकडं असं तुझं होऊ नये एवढंच वाटतं. नाताळला आनोलिनी खायला येतो, तेव्हा निवांत बोलू.

तुल्लिओ


ग्रेनोब्ल, ६ मे २०११

प्रिय आत्या,

दीड वर्षानंतर लिहितो आहे. दोन्ही नाताळांना आलो नाही, त्याची कारणं दिली ती तुला पटली नसणार.

जपानमधल्या एका गटाचा लेख आला आहे, तुझ्यापर्यंत पोचेलच. त्यांनी दाखवलंय की क्ष-किरण नुसता चित्र काढत नाही. तो तासन्‌तास पडत राहिला तर मोकाट ऑक्सिजनला रांगेत बसवतो. म्हणजे आपण ज्या दिव्याने बघतो तो दिवाच घर आवरतो. सगळीकडे याचीच चर्चा आहे.

त्या रविवारी मी शवानसाहेबांबरोबर डोंगरावर गेलो होतो. सकाळी आठला एक्केचाळीस सरळ करायला रुंद किरण लावला, तेवढ्यात खाली त्यांच्या गाडीचा भोंगा वाजला. किरणाचं शटर पाडलं असं मला वाटलं. पाडलं नव्हतं. साडेचारला परत आलो तेव्हा किरण चालू असल्याचा लाल दिवा पेटलेलाच होता. आपली पाळी असताना जागा सोडून जाणं इथे चालत नाही, नोंदवहीत लिहिलं असतं तर यंत्रावरचे पुढचे सगळे दिवस गेले असते आणि नोकरीची जागाही. म्हणून वहीत लिहिलं नाही, कार्डावरही नाही. मग चित्र आलं आणि मला खरंच वाटलं की ते तुझ्या अकरा दिवसांचं आहे. निदान पहिला आठवडा तरी वाटलं.

आता माझं म्हणणं नीट ऐक. जपान्यांनी प्रयोग केला २०१० साली. आपलं चित्र २००९चं आहे. म्हणजे हे पहिल्यांदा आपल्या स्फटिकात घडलं! फक्त कागद नाही. एक्केचाळीसचं मूळ कार्ड तू परत मागवलंस तेव्हा डबीतच आलं होतं, ते तुझ्याकडे आहे. मागची बाजू कोरी आहे. त्यावर लिही, १५ फेब्रुवारी, रुंद किरण, साडेआठ तास, तुल्लिओने कळवलं, आणि खाली मार्च २००९ची तारीख घाल. तुझ्या कार्डावर जगात कोणी शंका घेत नाही.

यात खोटं काय आहे सांग. घडलं ते खरंच घडलं. आणि यात तुझाही फायदा आहे. तुझे स्फटिक अनियमित नव्हते हे सिद्ध होईल. ते वाक्य मी स्वतः मागे घेईन. तुझं नाव या वेळी माझ्या शेजारी असेल.

महिनाअखेरीला मला एका बक्षिसासाठी पुरावा द्यायचा आहे. लवकर कळव.

तुझा,
तुल्लिओ


पिआचेन्झा, १६ मे २०११

तुल्लिओ,

तुझं पत्र मंगळवारी आलं. उत्तराला इतके दिवस लागले, कारण मला मोह झाला.

लपवत नाही. कार्ड काढलं, तेव्हाचंच पेन घेतलं, स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसले. दोन ओळी लिहायच्या आणि माझ्या नावावरचा डाग पुसला जाणार होता. तुला कल्पना नाही मला तो किती हवा होता पुसून. गेल्या वर्षी निरोपाच्या समारंभात झाम्बेल्लीने माझ्या चिकाटीचं कौतुक केलं, कामाचं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत एकाही माणसाने माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. शेवटी फुलं घेऊन बसने घरी आले.

तू त्याच संध्याकाळी फोन केला असतास, की आत्या, गाढवपणा झाला, शटर उघडं राहिलं, तर मी काय केलं असतं ठाऊक आहे? आधी शिव्या दिल्या असत्या आणि मग पहिल्या गाडीने ग्रेनोब्लला आले असते. अरे, किरणाने अणू रांगेत बसतात! माझ्या रांगांपेक्षा शंभरपट मोठी गोष्ट तुझ्या हातात होती, जगात फक्त तुझ्या हातात, आणि तू ती एका जागेसाठी झाकून ठेवलीस. वरून मला सोळा स्फटिक वाढवू दिलेस. जूनमध्ये स्वेटर घालून बसले होते ते वाचून तुला काही वाटलं नाही? तू काढायचास ती चित्रं म्हणजे माझ्या आयत्या पिठावरच्या रेघोट्या, पण ते मी कधी मनाला लावून घेतलं नाही. घरचा मुलगा म्हणून.

काच बघूनच मला कळलं होतं. तुझं "या वयात होतं असं" वाचलं आणि मी खणातल्या सगळ्या काचा काढून एकेक उजेडात धरली. एकही जुनी नव्हती. तरी मी गप्प बसले, कारण मी चुकले असेन हे सोपं होतं आणि तू खोटं बोलतोस हे अवघड. यात माझीही चूक आहे, आणि ती मी तुझ्यावर ढकलत नाही.

तर तू सांगितलंस तसं मी कार्डाच्या मागे लिहिलं आहे. १५ फेब्रुवारी २००९, रुंद किरण, सकाळी आठ ते दुपारी साडेचार, शटर उघडं राहिलं, पाळीवर कोणी नव्हतं. तुल्लिओ गांदोल्फी यांनी पत्राने कळवलं. खाली तारीख घातली आहे १० मे २०११, कारण तुझं पत्र माझ्या हाती पडलं तो दिवस तो आहे.

तुझं पत्र मी कोणाला दाखवलेलं नाही. कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या प्रती मात्र आज सकाळच्या टपालाने गेल्या, अकरा प्रयोगशाळांना, झाम्बेल्लीला, शवानला आणि जपानला. जपान्यांना काचही पाठवली, त्यांना उपयोग होईल. मूळ कार्ड माझ्याकडेच राहील.

तुझ्या बाबांना मी काही सांगितलेलं नाही. काल रविवारी दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसला होता, तुला आता मोठं बक्षीस मिळेल असं तू फोनवर म्हणालास म्हणे, तेच सगळ्यांना सांगत होता. त्याच्यापाशी तू स्वतः जा. आणि कधीपासून लपवलंस असं तो विचारेल, तेव्हा निदान त्याला तरी खरी तारीख सांग.

एर्सिलिया